शेवाळाच्या गोळ्या आणि नडगीवरचा अंगठा

"मॅडम, फक्त एवढंच सांगा, घेऊ की नको?"

किडनीच्या रुग्णांसोबत बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने पिशवीत हात घातला की बाटली हिरवीच निघणार, हे मला कळतं. कधी क्लोरेला नावाचं शेवाळ, कधी समुद्री शेवाळाचा अर्क, कधी स्पिरुलिना (ती खरं तर शेवाळ नव्हेच, जिवाणू आहे). बाटलीवर लिहिलेलं असतं, सूज कमी करते.

हे काका 58 वर्षांचे. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, 41. किडनीच्या आजाराची तिसरी पायरी. बाटलीसोबत एक वहीही होती. सकाळी 6 गोळ्या, संध्याकाळी 6, प्रत्येकीसमोर टिक. दीड वर्षात एकही चुकलेली नाही.

"गुण येतोय हे कसं कळतं?"

त्यांनी पँट वर केली, अंगठा नडगीवर दाबला आणि धरून ठेवला. उचलला तेव्हा खळगा तसाच. "पूर्वी जास्त खोल जायचा," ते म्हणाले.

घोटाळा इथेच आहे, आणि तो आपल्या भाषेनेच केलाय. पायावर येते तीही सूज आणि पेशींच्या पातळीवर होतो तो दाहही सूजच. पायावरची सूज म्हणजे साचलेलं मीठ-पाणी. लघवीतून प्रथिनं जात असतील तर ती आणखी वाढते. शेवाळाच्या अर्कावरचे प्रयोग दुसऱ्या सुजेबद्दल आहेत. उंदरांच्या किडनीत आणि काचेच्या बशीतल्या पेशींत टीएनएफ-अल्फा, आयएल-6 असे दाहाचे निरोप्ये त्यामुळे कमी झालेले दिसले. हे खोटं नाही. पण या गोळ्यांनी माणसाचं डायलिसिस टळलं, असं कुठल्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. अंगठ्याला तर ती सूज कळणारच नाही.

हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गोळ्या चालू ठेवल्या! माहितीने माणूस बदलत नाही, हे माहीत असूनही मी दर वेळी आधी माहितीच देते.

चौथ्या भेटीत वही चाळताना सहज विचारलं, "यात बीपीच्या गोळीचा रकाना नाही?"

"ती... राहते कधीकधी."

मी गप्प बसले. उत्तर ओठांवर असताना गप्प बसणं मला फार उशिरा जमलं, पण जमलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ती गोळी घेतली की मी पेशंट होतो. ही घेतली की मी तब्येत राखणारा माणूस असतो."

मी उपायाच्या खरेखोटेपणापेक्षा तो माणसाच्या मनात कुठली जागा भरतो, हे आधी बघते. काकांच्या वडिलांची शेवटची वर्षं डायलिसिसवर गेली होती. पेशंट या शब्दाला त्यांच्या घरात एकच चेहरा होता. बाटली काढून घेतली असती तर ती जागा रिकामी राहिली असती, आणि तिथे दुसरी बाटली आली असती.

म्हणून मी घेऊ नका म्हणत नाही. बाटली लपवू नका, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, एवढं मात्र हट्टाने सांगते. कारण क्लोरेलात व्हिटॅमिन के असतं आणि ते वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या आड येतं. त्यात प्रथिनं भरपूर असतात आणि पोटॅशियमही येतं. थकलेल्या किडनीला दोन्हींचा हिशोब ठेवावा लागतो. माल शुद्ध नसेल तर जड धातूंचीही भीती. आणि किडनी टिकवण्यात बीपी, साखर, कमी मीठ आणि वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणं यांचा वाटा मोठा आहे, फक्त त्यांची जाहिरात होत नाही.

काकांनी बाटली नेली. रक्तात पोटॅशियम 5.6 निघालं, म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त. गोळ्यांमुळेच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण डॉक्टरांनी त्या थांबवल्या.

परवा आले तेव्हा वही तीच होती. टिकांच्या जागी बीपीचे आकडे, सकाळ-संध्याकाळ.

"अंगठा मात्र अजून जातोच नडगीवर," ते ओशाळून म्हणाले.

"जाऊ दे की," मी म्हटलं. "खळगा वाढला तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा."