‘येशूच्या नावाने’ हा मंत्र आहे का?

शेजारच्या ख्रिस्ती घरी रोझरीला, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेला बसलात, येशूचं नाव पुन्हा पुन्हा ऐकलंत, म्हणून तुम्ही विचारताय की हा मंत्र आहे का आणि ख्रिस्ती नसलेल्याने हे नाव घेतलं तर चालतं का.

मी ठाण्यातला कॅथलिक. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर हरिपाठ, वरच्या मजल्यावर रोझरी, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याचदा कानावर येतो. माझ्या मते नामस्मरणाशी साम्य पुष्कळ आहे, मंत्राशी नाही.

बायबलमध्येच याचा एक गमतीदार दाखला आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९. इफिस शहरात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ’ म्हणून भूत काढायला गेले. (पौल म्हणजे येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित.) भुताने विचारलं, येशू माहीत आहे, पौलही माहीत आहे, तुम्ही कोण? आणि असं बदडलं की ते उघडेनागडे पळाले! वाण्याकडे ‘बाबांच्या खात्यावर लिहा’ म्हणणाऱ्या पोराला माल मिळतो तो बाबांमुळे. भलत्याच पोराने तेच शब्द म्हटले तर वाणी वही उघडत नाही. ‘येशूच्या नावाने’ मागणं हे असं आहे. आपल्या लायकीवर नाही, त्याच्या भरवशावर.

रोझरीत पन्नास वेळा ‘नमो मरिया’ ही येशूच्या आईला केलेली प्रार्थना येते, पण तिच्या मधोमध येशूचं नाव आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये रोझरीवरच्या पत्रात यावरच भर दिला. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, हे नाव आलं की मान किंचित झुकवायची, हा नियम १२७४ च्या लिआँ इथल्या धर्मपरिषदेपासूनचा. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये जुनी माणसं अजून तो पाळतात. आम्ही तरुण मंडळी बहुतेक विसरतो.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांत तर श्वासाबरोबर जप चालतो: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. मात्र किती वेळा म्हटलं म्हणजे फळ मिळेल, असा हिशेब नाही. पोकळ बडबड करू नका, असं येशूनेच बजावलंय (मत्तय ६).

तुम्ही म्हटलं तर चालेल का? खुशाल म्हणा. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय ‘येशू, माझ्यावर दया कर’ असं ओरडला, लोकांनी दटावलं तर आणखी मोठ्याने ओरडला. येशूने त्याला एवढंच विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू?