रिपीटर घरून चालेल, पण एकदा सडा चढाच

प्रश्न : काका, आमच्या बचाव पथकाचा डिजिटल रिपीटर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चिऱ्याच्या खोलीत आहे. गाडीरस्ता संपला की पाऊण तास चढण. लायसन्सवर आता फ्रिक्वेन्सीची नवी जोडी मिळाली आहे. खोलीत सिमवाला राऊटर बसवून सगळं प्रोग्रॅमिंग घरून करता येईल का? जून तोंडावर आलाय.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : येईल, पण या खेपेला नाही. वॉकीटॉकीचं बोलणं लांबवर पोचावं म्हणून रिपीटर ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो, तेही एकाच अँटेनातून. स्वतःचंच बोलणं कानात घुसून बहिरा होऊ नये म्हणून मध्ये डुप्लेक्सर असतो, ते शेजारीशेजारी उभे केलेले धातूचे डबे. ते स्क्रू फिरवून तुमच्या जुन्या जोडीवर बसवलेले आहेत, आणि लॅपटॉपची भाषा त्यांना येत नाही. घरून नवे आकडे लिहिलेत तर रिपीटर ते मुकाट घेईल, पण त्याची बरीचशी ताकद अँटेनापर्यंत न जाता डब्यांवरून मागे फिरेल. साडेबारा किलोहर्ट्झ सरकायचं असतं तर खपून गेलं असतं. अर्धा मेगाहर्ट्झ सरकायचं असेल तर मागे फिरणारी ताकद मोजायचा मीटर आणि डुप्लेक्सर जुळवता येणारा माणूस घेऊन मे महिन्यातच वर जा.

त्याच फेरीत नेटवर्कचं उरका. पहिलं म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये आयपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, प्रोग्रॅमिंगची सोय आहे का ते बघा. असली तरी बऱ्याचदा ती आधी यूएसबी केबल लावून चालू करावी लागते आणि पासवर्ड द्यावा लागतो. राऊटरला मोबाईल कंपनी जो पत्ता देते तो बहुधा कंपनीच्या आतला असतो. १०० पासून सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला दिसला, किंवा नुसता १० पासून सुरू झाला, तर बाहेरून त्या दारावर कितीही टकटक करा, आत ऐकू जायचं नाही. म्हणून वरच्या राऊटरनेच खाली तुमच्याकडे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी खाजगी बंद वाट, जोडायचा. त्यासाठी वायरगार्ड हे सॉफ्टवेअर वापरलात तर दर २५ सेकंदांनी एक हाक जाईल असं ठेवा, नाहीतर मधली वाट बुजते. रिपीटरचा पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. बचाव पथकाचा रिपीटर कुणा टवाळाच्या हातात नको.

आता माझी फजिती. एका जुलैत रत्नागिरीत घरी बसून, चहा पीत, मी एका रिपीटरचा गेटवे, म्हणजे बाहेर पडायला तो ज्या राऊटरकडे जातो त्याचा पत्ता, बदलला. १ च्या जागी ११ पडला. लिहून झालं की रिपीटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तसा तो झाला, आणि मला कायमचा दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी शेवाळलेल्या कातळावरून घसरत, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, एका आकड्यासाठी वर गेलो. तेव्हापासून ज्या फांदीवर बसलोय ती, म्हणजे पत्ता, गेटवे आणि पासवर्ड, घरून बदलत नाही. बाकी काहीही बदला: कलर कोड (डिजिटल रिपीटरचा ओळख-आकडा), टाइमआऊट (एका दमात किती वेळ बोलू द्यायचं ते), पॉवर. फर्मवेअरला, म्हणजे रिपीटरच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला, मात्र घरून हात लावू नका.

बदलायच्या आधी रिपीटरमधली सगळी सेटिंग लॅपटॉपवर वाचून घ्या, ती फाईल तारखेनिशी जपा, मग तिच्याच प्रतीत बदल करा. रिपीटरचं ऐकणं म्हणजे वॉकीटॉकीचं बोलणं, हे डोक्यात पक्कं नसेल तर फ्रिक्वेन्सीचे दोन्ही आकडे उलटे भरले जातात. मी ते केलेलं आहे, जास्त विचारू नका. आणि लिहिण्याआधी पथकाला रेडिओवरून सांगा, कारण मिनिटभर तरी सगळे गप्प होणार.

सिमचा सिग्नल डळमळीत असेल तर रिपीटरशेजारी छोटा पीसी ठेवून त्याला केबल लावा आणि घरून फक्त त्याचा स्क्रीन बघा. मग मध्येच नेट गेलं तरी लिखाण अर्धवट राहत नाही, ते वरच्या वर चालू असतं. पण बॅटरीचा हिशेब करा. १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर खाणारा राऊटर दिवसाला १२ अँपिअर-तास खातो, पीसी त्याहून जास्त. १०० अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि लाईट तीन दिवस गेली तर? म्हणून पीसी एरवी बंदच ठेवा. मिस्ड कॉल देऊन शेतातला पंप चालू करतात ना, त्याच धर्तीचा मोबाईल स्विच मिळतो. एक पीसीला आणि एक रिपीटरच्या सप्लायला. अडकलेल्या रिपीटरला बंद-चालू करायला तोच उपयोगी पडतो. त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत मोबाईल कितीतरी दिवस मुके होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हाही फोन लागत नव्हते. म्हणजे ज्या दिवशी रिपीटरची खरी गरज, त्या दिवशी तुमची ही घरबसली सोय नसणारच. म्हणून खाली उतरण्याआधी राऊटरची वायर उपटा आणि दोन वॉकीटॉकींवर बोलून बघा. बोलणं झालं तर वायर परत लावा आणि दार ओढून घ्या.

प्रश्न : अँटेनाच्या केबलचा जोड दर वर्षी हिरवा पडतो. काय लावू?
– एक वाचक, हर्णे

उत्तर : काळी इन्सुलेशन टेप एकटी खाऱ्या वाऱ्यापुढे टिकत नाही. आधी ताणून गुंडाळायची रबरी टेप, जी स्वतःलाच चिकटते, ती खालून वर गुंडाळा आणि वरून काळी. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. आधीच हिरवा झालेला जोड घासत बसू नका, कापून नवा लावा.