बापाने सही केली, पण मुलीला कुणी विचारलं?

घाटकोपरच्या अभ्यासवर्गातल्या मुलांच्या कविता-गोष्टींचं पुस्तक काढायचंय, पालकांच्या सह्या झाल्यात, आता आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि छपाईचं कसं, असं तुम्ही विचारलंय. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फुकट. छपाईवाले भेटतील. मला बोलायचंय ते त्या सह्यांबद्दल.

आमच्या वर्गाच्या अशाच संग्रहासाठी आम्हीही घेतल्या होत्या. नववीतल्या एका मुलीने बापाच्या दारूवर लिहिलं होतं. रात्री आई दाराला पाठ लावून बसते, असं. संग्रहातलं सगळ्यात चांगलं लेखन. सही बापाचीच. त्याला वाचता येत नव्हतं आणि आम्ही "पोरीचं नाव छापून येणार" एवढंच सांगितलं. पैसे देणाऱ्या कार्यालयाला प्रत्येक लेखाखाली पूर्ण नाव, वस्ती आणि फोटो हवा होता. मी कबूल झाले, ती चूक माझी. आठवड्याभरात कुणीतरी ते पान नळावर मोठ्याने वाचलं. मुलगी वर्गाला यायची बंद झाली. तिच्या आईने मला दारातच विचारलं, "ताई, आमच्या घरातलं चव्हाट्यावर मांडायला शिकवत होता का?" तिची वही अजून माझ्याकडे आहे.

म्हणून माझं ठाम मत: पान जुळवून झालं की प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून दाखवा. "हे नळावर वाचलं गेलं तर चालेल?" असंच विचारा. आठ दिवसांनी पुन्हा विचारा. नको म्हणाला तर काढा, कितीही चांगलं असो. घरचं लिहिलं असेल तर टोपणनाव द्या. देणगीदार रुसला तर रुसू द्या.

मी वकील नाही, कागद जाणकाराला दाखवाच. पण १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून पालकांची सही लागते; लेखनाचा हक्क मात्र मुलाचाच. "सर्व हक्क संस्थेकडे कायमचे" अशी ओळ कागदात असेल तर ती खोडा. कुणी बालगृहातलं असेल तर ओळख पटेल असं काहीही छापायला बालन्याय कायद्याची मनाई आहे.

आणि कृपा करून "मेरेको", "नाय", "काय पण" सुधारत बसू नका. शुद्धलेखन तपासा, बोलीला हात लावू नका. आमच्या मुद्रितशोधकाने एका पोराची अख्खी कविता पुस्तकी करून टाकली. "ही माझी नाही" म्हणून त्याने प्रत परत दिली. मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) टाइप करून घ्या, नाहीतर फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि शेवटच्या रात्री डोळे फोडून शोधावी लागतात.