कर वाढला की दुबईकर गाडी काढतो

प्रश्न असा आहे: ‘पुढच्या महिन्यात दुबईला नोकरीसाठी जातोय. तिथे सिगारेट आणि दारूवर जबर कर आहे असं ऐकतो. तिथले परदेशी लोक चिडत नाहीत का? की सगळ्यांनी सोडूनच दिली?’

चिडतात, पण खोलीत. बाहेर चिडून उपयोग काय? आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये सरकारने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तर १४ जुलैला राज्यभर बारवाल्यांनी शटर खाली ओढून निषेध तरी नोंदवला. आखातात ना मत, ना मोर्चा, आणि व्हिसा कंपनीच्या हातात. त्यामुळे कर वाढला की इथला माणूस भांडत बसत नाही. तो हद्द कुठे संपते ते बघतो आणि गाडी काढतो. ज्याच्याकडे गाडी नाही, तो निमूट भरतो.

मी मूळचा सावंतवाडीकडचा, २०१४ पासून दुबईत, एका काँट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरला. पितोही, ओढतोही. तेव्हा हे उत्तर ऐकीव नाही.

सुरुवात २०१७ ची. २०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव कोसळले होते, शंभर डॉलरच्या वरचं पिंप २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आलं. तेलावर जगणाऱ्या सरकारांना दुसरं उत्पन्न हवंच होतं. आखाती देशांनी मिळून ठरवलं की तंबाखू आणि एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के, सोड्याच्या गोड पेयांवर ५० टक्के कर लावायचा. सौदीने जून २०१७ मध्ये सुरू केला, संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबईच्या देशात, १ ऑक्टोबरपासून लागू झाला.

आता योगायोग बघा. ३० सप्टेंबर २०१७, शनिवार, दसरा. दुबईतल्या करामामध्ये आम्ही एका खोलीत चौघं राहायचो: मी, एक नाशिककर आणि केरळचे दोघं. संध्याकाळी नाशिककराने मोबाइलवर आपट्याच्या पानाचं चित्र पाठवलं, ‘सोनं घ्या’. मी म्हटलं, खरं सोनं खाली ग्रोसरीत आहे, बारा वाजेपर्यंतच. चपला घालून उतरलो तर दुकानाबाहेर पंधरा-वीस माणसं. आमच्या इमारतीखालची ग्रोसरी म्हणजे दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने आडवं व्हावं एवढी. मालक मलबारी, स्वभावाने गरीब, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढलेला. गल्ल्यामागच्या फळ्या निम्म्या रिकाम्या. ‘एकाला एकच कार्टन’ असं तो हिंदीत, मल्याळममध्ये आणि मोडक्या अरबीत सांगत होता. माझ्या पुढचा पाकिस्तानी ड्रायव्हर एक कार्टन घेऊन बाहेर गेला, टोपी काढून खिशात घातली आणि परत रांगेत उभा राहिला. मालकाने ओळखलं, हसला, आणि दुसरं कार्टन दिलंही. मला एक मिळालं. दहा पाकिटं. दसऱ्याला लुटलेलं ते सोनं अकरा दिवस पुरलं.

दुसऱ्या दिवशी दहा-अकरा दिरहमचं पाकीट वीस-बावीसला. हिशेब साधा आहे. कर धरतात तो किरकोळ किमतीवर, बंदरावरच्या भावावर नव्हे. म्हणून १०० टक्के म्हणजे खरोखर दुप्पट. वर जानेवारी २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आला. आखातात नवा आलेला माणूस प्रत्येक वस्तूचा रुपयात गुणाकार करतो, तुम्हीही कराल. दिरहम तेव्हा सतरा-अठरा रुपयांचा होता. दिवसाला एक पाकीट धरलं तर महिन्याला सहाशे साठ दिरहम, म्हणजे साडेअकरा हजार रुपये धुरात. गावी घराच्या कर्जाचा हप्ता त्याच्या आसपासच होता. मी त्या रात्री पहिल्यांदा तो हिशेब मांडला आणि मांडून झाल्यावर एक सिगारेट ओढली.

खोलीत सगळ्यात जास्त बोंब कोणी मारली असेल? नाशिककराने. माळकरी माणूस, दारू-सिगारेट-मटण काही नाही, पण जेवणाबरोबर पेप्सी लागते म्हणजे लागते. दीड दिरहमचा कॅन सव्वादोनला झाला. ‘अरे, व्यसन तुमचं आणि दंड मला?’ हे वाक्य त्याने महिनाभर रोज रात्री ऐकवलं. त्याचं चुकतही नव्हतं.

आता सोडली का, तर केरळच्या दोघांपैकी एकाने सोडली. तो म्हणतो करामुळे, त्याची बायको म्हणते तिच्यामुळे. मी विसावरून दहावर आलो. पण बाहेर जे झालं ते वेगळंच होतं. लोकांनी ओढणं कमी करण्याआधी ब्रँड सोडला. कधी नाव न ऐकलेली, पाकिटावर सिंह नाहीतर मुकुट छापलेली स्वस्त पाकिटं ग्रोसरीत दिसायला लागली. एवढा कर भरूनही ती जुन्या चांगल्या पाकिटाच्या निम्म्यात पडायची, कारण मुळात किंमतच दोन-तीन दिरहम. टक्क्यांत लावलेल्या कराचा हा जुना घोळ आहे: महागड्या मालावर तो ढीगभर पडतो आणि हलक्या मालावर चिमूटभर. सरकारच्याही ते लक्षात आलं. डिसेंबर २०१९ पासून किमान किंमत ठरवली, एका सिगारेटला ४० फिल्स, म्हणजे वीसच्या पाकिटाला आठ दिरहम. व्हेप आणि ई-सिगारेटही त्याच वेळी १०० टक्क्यांत आले. त्याआधी, ऑगस्टपासून, प्रत्येक पाकिटावर डिजिटल शिक्का सक्तीचा झाला, बिनकराचा माल चटकन ओळखू यावा म्हणून.

आठ दिरहमचा तो नियम कोणाला लागला ते मी स्टोअरच्या खिडकीतून बघितलंय. आमची बरीच माणसं सोनापूरच्या कॅम्पात राहतात. (मुंबईच्या माणसाला ‘सोनापूर’ म्हटलं की मर्तिक आठवतं. दुबईत सोनापूर म्हणजे मजुरांची वस्ती. पहिल्यांदा बसवर ते नाव ऐकून मी दचकलो होतो.) तिथल्या हेल्परचा पगार हजार-बाराशे दिरहम, त्यातले सात-आठशे घरी जाणार. त्याने बावीसचं पाकीट सोडून हे स्वस्तातलं धरलं होतं, तेही महागलं. त्याला गाडी नाही, आठवड्याचा एक दिवस सोडून सुट्टी नाही, विमानात तो दोन वर्षांतून एकदा बसतो. त्याच्याकडे एकच उपाय, एक सिगारेट तिघांत. बांधकामाच्या सावलीत बसून एकच सिगारेट हातोहात फिरवणारी माणसं २०१७ च्या आधीही दिसायची, पण तेव्हा तो दोस्तीचा भाग होता. आता पहिला किती झुरके ओढतो ते बाकीचे मोजतात.

दारूची गोष्ट वेगळी, आणि इथे गाडीचा भाग येतो.

अमिरातीच्या त्या १०० टक्क्यांच्या यादीत दारू नाही. तिच्यावर आधीपासूनच ५० टक्के आयातशुल्क आहे आणि दुबईत वर ३० टक्के पालिकेचा कर. परवाना घ्या, कंपनीचं पत्र जोडा, वर्षाला २७० दिरहम भरा, मग दुकानात पाय ठेवा, अशी जुनी रीत होती. पण अमिरात हा सात अमिरातींचा मिळून देश आहे आणि दारूचा कायदा प्रत्येकाचा वेगळा. शारजात पूर्ण बंदी. त्याच्या पलीकडे अजमान आणि उम्म अल-क्वैन, तिथे दुबईचा ३० टक्क्यांचा कर नाही आणि परवानाही कोणी विचारत नव्हतं. दुबईहून तासाभराचा रस्ता.

मी पहिल्यांदा उम्म अल-क्वैनला गेलो तो एका कोल्हापूरकर सहकाऱ्याच्या गाडीतून. समुद्राकाठी मोठं दुकान, सुपरमार्केटसारख्या ढकलगाड्या, आणि पार्किंगमध्ये झाडून सगळ्या नंबरप्लेट दुबईच्या. मी गाडीतून उतरलो आणि हसायलाच लागलो. त्याला कळेना. त्याला म्हटलं, बाबा रे, हे मी लहानपणापासून बघतोय. पत्रादेवीच्या पलीकडे गोव्याच्या दुकानांसमोर एमएच-०७ च्या गाड्या अशाच उभ्या असतात. माल तोच, बाटली तीच, मधे फक्त एक रेघ. परत येताना आमच्याकडे इन्सुलीचा नाका लागतो, इथे शारजा लागतं. फरक एवढाच की इन्सुलीला उत्पादन शुल्कवाला डिकी उघडायला लावतो आणि इथे कोणी थांबवत नाही, पण शारजात अपघात झाला आणि गाडीत बाटल्या सापडल्या तर खेळ संपला. मुद्दाम मागून धडक देऊन मग पैसे उकळणाऱ्यांच्या गोष्टी प्रत्येकाने ऐकलेल्या. कोल्हापूरकर येताना रॅलीच्या थाटात आलेला, जाताना शारजा संपेपर्यंत ऐंशीच्या वर काटा नेला नाही. मागे बाटल्या वाजल्या की दोघंही गप्प. टॉवेल गुंडाळायची अक्कल आम्हाला दुसऱ्या खेपेला आली.

एवढा जीव मुठीत धरून वाचवले किती, तर पेट्रोल वजा जाता दीडशेच्या आसपास दिरहम. पण ‘कर चुकवला’ याचा जो आनंद असतो ना, त्याला दर नाही. आपल्याकडचे गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याचे लोक मला चांगले समजतील.

दुबईला हे दिसत नव्हतं असं नाही. १ जानेवारी २०२३ ला त्यांनी तो ३० टक्के कर थांबवला, परवानाही फुकट केला. आधी वर्षभरासाठी, मग मुदत वाढवली. दुकानातले भाव लगेच उतरले. (हॉटेलातल्या बिअरचा भाव उतरलेला मला काही दिसला नाही, पण ती वेगळी तक्रार.) दोन वर्षं आम्ही उम्म अल-क्वैनचा रस्ता विसरलो. मग १ जानेवारी २०२५ पासून कर परत. त्याआधीच्या डिसेंबरात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच विषय होते, थर्टीफर्स्टला कोणाकडे आणि साठा किती करायचा. एकाने तर कपाटातले बुटांचे खोके बाहेर काढले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरकराचा मेसेज आला, ‘शनिवारी जायचं का?’ कुठे ते लिहिलं नव्हतं.

बाजूच्या देशांत ही पळवाटही नाही. कतारने १ जानेवारी २०१९ ला दारूवर १०० टक्के कर लावला. तिथे तेव्हा परवानाधारकांसाठी दुकान एकच होतं, त्यामुळे आदल्या दिवसांत तिथे रांगा लागल्या. दोह्यातल्या माझ्या मित्राने भावाचा कागद पाठवला होता: हायनेकनच्या चोवीस कॅनचा खोका ३८४ रियाल, म्हणजे शंभर डॉलरच्या वर. खाली त्याने लिहिलं होतं, ‘आजपासून मी तीर्थ घेतो तशी बिअर घेणार, पळीने.’ ओमानने त्याच वर्षी जूनमध्ये दारूवर १०० टक्के लावला आणि काही दिवसांतच अर्ध्यावर आणला. सौदीत प्रश्नच नव्हता, तिथे फक्त सिगारेटवाले रडले.

आणि एक प्रतिक्रिया सांगायची राहिली, ती साहेब लोकांची. आमच्या ऑफिसातले ब्रिटिश इंजिनियर सिगारेटच्या बावीस दिरहमवर हसायचे, कारण त्यांच्या घरी पाकीट त्याहून कितीतरी महाग. त्यांना हे स्वस्तच. त्यांची कुरकुर वेगळी होती: ‘टॅक्स नाही म्हणून आलो होतो.’ आज सिगारेट, उद्या व्हॅट, परवा पगारावर, असं ते मोजत बसायचे. पगारावर आयकर अजून तरी नाही. पण म्हणजे काय बघा, एकच कर, एकाच ग्रोसरीत, एकाला थट्टा वाटतो आणि दुसरा झुरके मोजतो. ‘तिथले परदेशी लोक’ असं तुम्ही सगळ्यांना एकात धरून विचारलंत म्हणून हे सांगितलं.

आता तुमच्या कामाचं. दुबई विमानतळावर येताना ठरावीक सिगारेट आणि चार लिटर दारू आणायची मुभा आहे, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच ड्युटी फ्री आहे. तिथून घ्या, बिल जपून ठेवा. भारतात परतताना मात्र शंभर सिगारेट आणि दोन लिटर, हे लक्षात ठेवा, नाहीतर कस्टमवाला आठवण करून देतो. उम्म अल-क्वैनच्या वाऱ्या करायच्या फंदात पहिल्या वर्षी तरी पडू नका. रस्ते माहीत नसतात आणि नोकरी नवी असते. गुटखा, मावा, तंबाखूच्या पुड्या बॅगेत टाकू नका. इथे ते विकायला बंदी आहे आणि ‘एकच पुडी आहे साहेब’ हे कोणी ऐकून घेत नाही.

आणि पेप्सी पीत असाल तर तीही हिशेबात धरा.