हैदराबादला जरूर जा, पण एफडी मोडून नको

सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहेत, हातात ३८,००० येतात. ताई घरी ब्लाउज शिवतात, त्याचे सरासरी ८,०००. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. नाताळच्या आठवड्यात चौघांनी हैदराबादला जायचं आहे. टूरवाल्याने चार रात्रींचे ६८,००० सांगितलेत आणि येत्या रविवारपर्यंत १०,००० ॲडव्हान्स मागितलाय. पैसे कुठून आणायचे यावर घरात तीन मतं आहेत. ताई म्हणतात दीड लाखाची एफडी मोडू. टूरवाला म्हणतो २४ हप्त्यांत द्या. मिस्टर म्हणतात, यंदा मुलीच्या सुकन्या खात्यात भरायला नको, पुढच्या वर्षी बघू.

ताई, मुलांना घेऊन जायचं हा तुमचा विचार मला मनापासून पटला. मुलगी अकरा वर्षांची आहे. आणखी चार वर्षांनी दहावी, मग क्लास, मग तिच्या मैत्रिणी. तुमच्या हाताला धरून शहर बघायचे तिचे दिवस थोडेच उरलेत. त्यामुळे "आत्ता परवडत नाही, नंतर बघू" असं मी सांगणार नाही. फक्त पैसे त्या तीनपैकी कुठूनही आणू नका.

आधी हप्त्यांचं बघू, कारण ते एका ओळीत निकालात निघतं. तुम्ही लिहिलेला खर्च असा: घराचा हप्ता ११,५००, घरखर्च १९,०००, शाळा आणि व्हॅन ५,०००, भिशी ५,०००, सुकन्या १,५००, विमा १,५००. हे झाले ४३,५००, म्हणजे महिन्याला २,५०० उरतात. ६८,००० रुपये १६ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३,३३० येतो. उरतात त्यापेक्षा हप्ताच मोठा. वर व्याजाचे जवळजवळ ११,९००, आणि २ टक्के प्रोसेसिंग फी जीएसटीसकट धरली तर आणखी १,६००. सहल चार दिवसांत संपेल आणि हप्ते मुलगा चौथीत जाईपर्यंत चालतील.

आता एफडी. मुदतीआधी मोडली की जेवढे दिवस ठेवली तेवढ्याच काळाचा व्याजदर मिळतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. पण माझी हरकत त्या नुकसानीसाठी नाही, ते सोसता येईल. हे दीड लाख म्हणजे तुमच्या घराचा साडेतीन महिन्यांचा खर्च, आणि त्यापलीकडे तुमच्याकडे काहीच नाही. ६८,००० काढलेत तर दोन महिन्यांचाही उरणार नाही. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांची कशी घालमेल झाली ते मिस्टरांनी अकाउंट्सच्या खुर्चीतून बघितलंय. ऑर्डरी थांबल्या की पगाराची तारीख पुढे सरकते. ज्या घराची रोजीरोटी अशा धंद्यावर आहे, त्या घराने ही एफडी हात न लावायची ठेवावी. कधी खरंच नड आली तर मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळतं का ते बँकेत विचारा. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, क्रेडिट कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त.

मिस्टरांची सूचना काटकसरीची वाटते, पण तिन्हींत मला तीच जास्त खटकली. सुकन्या खातं चालू राहायला वर्षाला किमान २५० भरावे लागतात, तेवढे भरून सुटता येतं हे खरं. पण उरलेलं वर्ष रिकामं जातं. जानेवारी २०२४ पासून या खात्याला ८.२ टक्के व्याज आहे. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, तरी हाच राहिला असं धरलं तर यंदाचे १८,००० दहा वर्षांनी साडेएकोणचाळीस हजारांच्या आसपास होतात. तेव्हा मुलगी एकवीस वर्षांची असेल. चौघांच्या सहलीचा खर्च एकटीच्या खात्यातून कशाला?

भिशीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. बारा जणींची भिशी, ६०,००० आणि तुमचा नंबर मार्चमध्ये. एखादी मैत्रीण नंबर बदलून द्यायला तयार असेल, तरी नको. ते पैसे जूनच्या फीला लागतात असं तुम्हीच म्हणता. आणि लिलावाने आधी उचलायचा विचार मनात असेल तर अजिबात नको, त्यात सोडलेली रक्कम म्हणजे आगाऊ कापलेलं व्याजच.

मग हातात काय आहे? दिवाळीचा खर्च जाऊन बोनसमधले १६,००० उरतील असं तुम्ही धरलंय. नोव्हेंबर ते जानेवारी दरमहा उरणारे २,५००, म्हणजे ७,५००. दिवाळी आणि लग्नसराईच्या जादा शिलाईचे ८,०००. एकूण ३१,५००. सहल एवढ्यात बसवायची आणि ती बसते.

टूरवाल्याच्या ६८,०००मध्ये २१,००० नुसते सोलापूरहून नेणाऱ्या-आणणाऱ्या खासगी गाडीचे आहेत. हैदराबाद रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर, आणि मुंबईहून तिकडे जाणाऱ्या गाड्या आपल्याच स्टेशनवरून जातात. थर्ड एसीने चौघांचं जाणं-येणं ५,५०० धरा, स्लीपरने गेलात तर त्याच्या निम्म्याहून कमी लागतील. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, तुमच्याजवळ झोपवलात तर अर्धं. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे घेतलेत की जातानाचं जेवणही सुटलं.

हॉटेल ४,५०० चं कशाला? मुलं रात्री फक्त झोपायला येणार. नामपल्ली-आबिड्सच्या बाजूला कुटुंबाला चालेल अशी साधी खोली २,६००पर्यंत बघा. तीन रात्रींचे ७,८००. रामोजी फिल्म सिटी मुलीला बघायचीच आहे, ती ठेवा. तिकडे सिटी बसही जाते, तिकिटं आणि खाणं धरून ८,०००. बर्फातले खेळ आणि मॉलमधले गेम मिळून टूरवाल्याने ६,५०० लावलेत, ते मी सरळ खोडले. शहरातला प्रवास २,०००, बाकी तिकिटं १,७००, जेवण ५,०००, वरखर्च १,५००. झाले ३१,५००.

खोडलेल्या खेळांची चुटपुट लावून घेऊ नका, मुलांसाठी त्या शहरात स्वस्तात खूप आहे. सालारजंग म्युझियममधलं घड्याळ दर तासाला वाजतं. त्याआधी आतून एक छोटा पुतळा बाहेर येतो आणि टोले देऊन परत आत जातो. समोर मांडलेल्या खुर्च्यांवर माणसं आधीपासून जागा धरून बसतात. तासाच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, बाराचे टोले ऐकायला मिळाले तर फारच छान. गोवळकोंड्याला फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते. मिस्टर आणि मुलगी वर, तुम्ही आणि मुलगा खाली. मुलगा तिथून हलणार नाही. मुलीसाठी बिर्ला तारांगण आहे. आणि नामपल्लीच्या मैदानावर १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी नुमाइश भरते, १९३८ पासूनचं प्रदर्शन. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत वाढलेल्या मुलांना तिथले पाळणे आणि दुकानं लगेच आपलीशी वाटतील.

म्हणूनच नाताळ सोडा. त्या आठवड्यात खोल्या महाग, रामोजीला गर्दी, आणि नुमाइश सुरूच झालेली नसते. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक सोडून कुणी सोलापूरकर बाहेर जात नाही, ती होऊ द्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवारी पोहोचा, रविवारी निघा. शाळा तीन दिवस बुडेल, पण सहावी आणि दुसरीच्या मुलांचं त्याने काही अडत नाही. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, म्हणून ते गुरुवारीच, संध्याकाळी नुमाइश. शुक्रवारी रामोजी. शनिवारी गोवळकोंडा आणि तारांगण. प्राणीसंग्रहालय सोमवारी बंद असतं, रविवारी सकाळी उघडं मिळेल.

रविवारी ॲडव्हान्स देऊ नका, टूरवाल्याला तसा फोन आजच करा. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमची तिकिटं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर बोनस हातात आलेला असेल. शिलाईचे ८,००० जमले नाहीत तर रामोजी गाळा, आणि ते मुलीला निघण्याआधीच सांगा. तिकीट वेटिंगवर गेलं तर सहल एक आठवडा पुढे ढकला, नुमाइश तेव्हाही असेल. परत आल्यावर फेब्रुवारीपासून ते २,५०० बँकेत आरडीला लावा. वर्षाचे ३०,००० होतील, त्यातले निम्मे एफडीच्या जोडीला आणि निम्मे पुढच्या सहलीला.