एफडी मोडू की पॉलिसी? ताई, आधी प्लॉटची लेव्हल काढा

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. नवराबायको दोघं नोकरीला, मिळून हातात 85 हजार, मुलगी सातवीत. शामरावनगरच्या बाजूला 2 गुंठे प्लॉट बघितलाय, 30 लाखाला. 21 लाख लोन, 9 लाख स्वतःचे. प्रश्न एवढाच की हे 9 लाख एफडी मोडून भरू की एन्डोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र असलेली) सरेंडर करून भरू? आणि अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ: "प्लॉटच्या मागं नाला आहे पण छोटा आहे, नदी दोन किलोमीटर लांब आहे, एजंट म्हणाले 2019 ला पाणी फक्त कंपाउंडपर्यंत आलेलं. 1 लाख टोकन दिलंय."

ताई, विचारायचं ते शेवटच्या ओळीत होतं बघा.

पहिलं म्हणजे मोकळ्या प्लॉटला कंपाउंड कुठलं? ते शेजाऱ्याचं असणार, आणि शेजाऱ्याने जोतं (घराचा पाया-चौथरा) तीन-चार फूट उचललेलं असेल तर त्याच्या कंपाउंडपर्यंत आलेलं पाणी तुमच्या जमिनीवर किती होतं हे एजंटला विचारलंत का? नसणार, आणि विचारलं असतं तरी त्याने "काय नाय ओ मॅडम" असंच सांगितलं असतं, त्याचं कमिशन खरेदीखतावर आहे, पुरावर नाही.

दुसरं, नदी दोन किलोमीटर लांब असण्याला काही अर्थ नाही, पाणी अंतर बघत नाही, पातळी बघतं. कृष्णा चढली की नाल्याचं तोंडच बंद होतं, नाल्यातलं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीचंच पाणी नाल्यातून उलटं आत शिरतं, म्हणून काठावरची वस्ती कोरडी आणि मागची कॉलनी पाण्यात असं होऊ शकतं. वर शहरात पाऊस सुरूच असतो, तेही पाणी तिथंच साठणार. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी, 45 धोक्याची. 2005 ला पाणी 53 च्या पुढं गेलं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला 55 च्या आसपास. 2019 नंतर "आता पंचवीस वर्षं बघायला नको" म्हणणारे कितीतरी होते, दोन वर्षांत परत सामान माळ्यावर.

पाटबंधारे खात्याच्या नकाशात दोन रेषा असतात. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता, आणि तुमचं लोन 15 वर्षांचं, तेवढ्या काळात एकदा तरी पाणी यायची शक्यता 45 टक्क्यांच्या आसपास जाते. नाणं उडवून 30 लाख लावणार का? निळीच्या आत असाल तर नवं बांधकाम विसराच, निळी-लालच्या मधे असाल तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यायला लावतात. पण या रेषा नदीच्या पुराच्या आहेत, तुंबलेल्या नाल्याचं पाणी त्यात धरलेलं नसतं. म्हणून रेषेबाहेर आहोत एवढ्यावर खूश होऊ नका.

मग बघायचं कसं. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर घेऊन जा आणि पूररेषेचा नकाशा मागा. जुना गाव नकाशा काढा, त्यात ओढा कुठून जातो आणि आज कुठून जातो ते ताडून बघा, पुष्कळदा ओढा सरकवलेला असतो नाहीतर त्याच्यावरच प्लॉट पाडलेले असतात. एखादा सर्व्हेअर घ्या, शेजारच्या भिंतीवरची 2019 च्या पाण्याची खूण धरून ऑटो लेव्हलने (उंची मोजायचं यंत्र) तुमच्या प्लॉटची पातळी काढून देईल, थोडक्या हजारांचं काम. आणि चौकशी घरमालकांकडं करू नका, त्यांना भाव पाडायचा नसतो, भाडेकरूंना विचारा.

समजा प्लॉट त्या खुणेच्या चार फूट खाली निघाला. 2 गुंठे म्हणजे 2,178 स्क्वेअर फूट, चार फूट भराव म्हणजे 87 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम, दाबून बसवण्यासकट लाखाच्या पुढंच. तुम्ही भरलं की शेजारी भरणार, मग पालिका रस्ता उचलणार, दहा वर्षांत परत तुम्ही खाली. (नाला "छोटा" कसा झाला याचंही उत्तर यातच आहे.) तुम्ही लिहिलंय वरच्या बाजूला असाच प्लॉट 36 ला होता. वाचले 6 लाख. एका पुरात फर्निचर, वायरिंग, रंग, गाडी आणि दोन महिने दुसरीकडं भाडं मिळून 3-4 लाख सहज जातात. दोन पुरात स्वस्ताई संपली, आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही हाच हिशेब करणार.

बँकेने लोन मंजूर केलं म्हणून निश्चिंत होऊ नका, बँक कागद तपासते, पाणी नाही. विमा? घर बांधल्यावर भारत गृह रक्षा पॉलिसी घ्या, पूर त्यात कव्हर होतो, पण त्यातून बांधकाम आणि सामानाचे पैसे मिळतात, जमिनीचा भाव पडला तर त्याचे नाही.

आता तुमचा प्रश्न. एफडी मोडायची नाही, तुमच्याकडं दुसरी शिल्लकच नाहीये. पॉलिसी सरेंडर करून 9 लाख येणारच नाहीत, 7 वर्षांत 4 लाख 20 हजार भरलेत, त्याहून कमीच हातात येईल. वर्षाला 60 हजार, 20 वर्षं, शेवटी "21 लाख मिळतील", हे जेमतेम पाच टक्के होतात हो! आणि कव्हर फक्त 12 लाखांचं. ज्याने हे "मुलीच्या शिक्षणासाठी" म्हणून गळ्यात मारलं त्याला एकदा विचारा शिक्षण महागाई किती आहे. पेड-अप करा, म्हणजे हप्ता थांबवा आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवा, आणि दोघांच्या नावाने साधा टर्म विमा (फक्त जीवन विमा, बचत नाही) घ्या, तेवढ्याच पैशात बसेल.

शिवाय 21 लाखांचा हप्ता 21 हजार, मग बांधकामाचं 20 लाख लोन म्हणजे अजून 20 हजार, घर होईपर्यंत भाडं चालूच. अर्धा पगार गेला.

टोकनच्या 1 लाखासाठी 30 लाख घालू नका. पावतीवर काय लिहिलंय बघा, साठेखत (खरेदीआधीचा करार) झालं नसेल तर लेव्हलचा रिपोर्ट येईपर्यंत सही करायची नाही, आणि एजंटने घाई केली तर त्याला सांगा की पूररेषेबाहेरचा दाखला आणून दे, मग बोलू.