आयनिक लिक्विडची वाफच होत नाही, तर फ्यूम हूड आणि ग्लोव्ह्ज लागतातच का?

तुम्ही लिहिलंय की बीमिम पीएफ६ वर (एक आयनिक लिक्विड, म्हणजे साध्या तापमानालाही द्रव असणारं मीठ; बीमिम हा त्याचा धनभारित इमिडाझोलियम भाग, पीएफ६ हा ऋणभारित भाग, म्हणजे अॅनायन) प्रोजेक्ट सुरू करताय, सिनियर म्हणतोय याची वाफ होत नाही तर बेंचवरच काम कर, साधे नायट्राइल ग्लोव्ह्ज पुरेत, आणि एसडीएसमध्ये (केमिकलसोबत येणारं सुरक्षा माहितीपत्रक) टॉक्सिसिटीखाली 'नो डेटा अव्हेलेबल' आहे म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. शिवाय उरलेलं सिंकमध्ये ओतलं तर चालेल का.

नाही चालणार. आणि तुमचा सिनियर चुकतोय. 'याची वाफ होत नाही' हे वाक्य मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गाईडच्या तोंडून ऐकलंय, त्यावर विश्वास ठेवलाय आणि त्याची किंमत बोटाने मोजलीय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आमचं काम एस्टरिफिकेशनवर (आम्ल आणि अल्कोहोलपासून एस्टर बनवणं) होतं. कॅटॅलिस्ट पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्ल, सॉल्व्हंट बीमिम पीएफ६. पेपरचा सगळा भर रिसायकलवर होता, म्हणजे एकच आयनिक लिक्विड पाच वेळा वापरलं तरी यील्ड पडत नाही हे दाखवायचं. प्रॉडक्ट इथरने ओढून घ्यायचं, राहिलेलं आयनिक लिक्विड तीनदा पाण्याने धुवायचं, मग हाय व्हॅकवर (जोरदार व्हॅक्युम पंपावर) सुकवायचं आणि परत वापरायचं. आता हे पाण्यात मिसळत नाही हे खरंय, वेगळा थर होतो, पण पाणी मात्र त्याच्यात टक्का-दीड टक्का विरघळून बसतं आणि इतक्या चिकट द्रवातून ते सहज निघत नाही. सर म्हणाले ११० डिग्रीला रात्रभर ठेव, टीजीएमध्ये (तापवत नेऊन वजन कधी घटतं ते बघायची चाचणी) ३०० च्या वर जातंय, काही होत नाही त्याला. ठेवलं. धुतलेल्या शेवटच्या पाण्याचा पीएच घे असं कुणी सांगितलं नाही आणि मीही घेतला नाही.

पाचव्या रिसायकलनंतर सकाळी ऑइल बाथ खाली केला, आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) बाहेरून पुसला, तर काच धुरकट. आतला द्रव पिवळट झालेला. मानेशी, जिथे काच थंड असते तिथे, बारीक थेंब जमलेले. मी ते टिश्यूने पुसले, ग्रीससकट, हातात सकाळपासून घातलेले तेच पातळ नायट्राइल. काही जाणवलं नाही. चार वाजता उजव्या तर्जनीच्या नखाखाली ठणका सुरू झाला, रात्री आठपर्यंत असा की बोट भिंतीवर आपटावंसं वाटत होतं, आणि वरून बघाल तर कातडी नुसती गुलाबी. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं कुठलं केमिकल, मी म्हटलं आयनिक लिक्विड, एसडीएस दाखवली, त्यात काय लिहिलेलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. पेनकिलर मिळाली. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या, फ्लोरिन केमिस्ट्री करणाऱ्या मुलीला फोन केला, तिने पहिला प्रश्न विचारला, "अ‍ॅनायन कुठला?" पीएफ६ म्हटल्यावर ती कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब घेऊन धावत आली आणि डॉक्टरांना म्हणाली हे एचएफ, म्हणजे हायड्रोफ्लुओरिक आम्ल, आहे. जेल चोळत राहिल्यावर मग कुठे ठणका उतरायला लागला. नख महिन्याभराने निघून आलं.

पीएफ६ ला पाणी, उष्णता आणि थोडंसं आम्ल मिळालं की फॉस्फरसवरचा एकेक फ्लोरिन सुटतो आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं, आणि एकदा तयार झालं की तेच आम्ल पुढचं हायड्रॉलिसिस वाढवतं. हे काही गुपित नव्हतं. रॉबिन रॉजर्स यांच्या ग्रुपने २००३ मध्येच छापलं होतं की बीमिम पीएफ६ पासून त्यांना बीमिम फ्लोराइडच्या हायड्रेटचे क्रिस्टल मिळाले, म्हणजे हे विघटित होतं याचा हातात धरता येईल असा पुरावा. आमच्या लॅबमध्ये तो पेपर कुणीही वाचलेला नव्हता.

ग्रुप मीटिंगमध्ये मी हे मांडलं तर सर म्हणाले आरबी बेस बाथमध्ये (काच धुवायचं तीव्र अल्कली द्रावण) जास्त वेळ राहिला असेल, काच त्यानेच धुरकट होते, आणि तू ग्लोव्ह्जच्या बाबतीत निष्काळजी आहेस. सगळ्यांसमोर. मी गप्प बसले, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण उत्तर समोर टेबलावर ठेवलेलं होतं. बेस बाथने काच खराब झाली तर आतून-बाहेरून दोन्हीकडून होते, आख्खा आरबी त्यात बुडवलेला असतो. आमचा आरबी बाहेरून लख्ख होता. आतून धुरकट होता, आणि सगळ्यात जास्त द्रवाच्या पातळीच्या वर, मानेपर्यंत, म्हणजे वाफ जिथे लागली तिथे. ज्याची वाफ होत नाही म्हणत होते त्याच्यातून निघालेल्या वाफेने काच खाल्ली होती. नंतर मी त्याच द्रवाचं फ्लोरिन एनएमआर (फ्लोरिन कशाकशात आहे ते दाखवणारी चाचणी) काढलं, पीएफ६ च्या डबलेटशेजारी (जोडशिखराशेजारी) नवा डबलेट होता, म्हणजे पीएफ६ तुटून दुसरं काहीतरी बनलेलं होतं. त्यावर सर म्हणाले, रॉजर्सचा तो पेपर अशुद्ध सॅम्पलचा असेल. अहो, पाचव्यांदा रिसायकल केलेलं, आम्लाचा अंश राहिलेलं सॅम्पल अशुद्धच असणार ना! शुद्ध, कोरडं, बाटलीतलं बीमिम पीएफ६ सुरक्षित आहे असं म्हणून काय उपयोग, प्रयोगात ते तसं राहतच नाही.

आणि ते टीजीए. मिनिटाला १० डिग्रीने तापवत जायचं, कोरड्या नायट्रोजनमध्ये, काही मिलिग्रॅम, आणि वजन कुठे घटायला लागतं ते बघायचं. त्या आकड्यावरून ओलं, आम्लाचा अंश असलेलं ५० ग्रॅम रात्रभर ११० डिग्रीला ठेवलं तर काय होईल हे कसं कळणार? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाईड लोक टीजीएचा आकडा सेफ्टी लिमिट म्हणून सांगतात ते सरळ चूक आहे.

'वाफ होत नाही' हेसुद्धा पूर्ण खरं नाही. २००६ मध्ये नेचरमध्ये दाखवलं गेलं की काही आयनिक लिक्विड ३०० डिग्रीच्या आसपास, व्हॅक्युममध्ये चक्क डिस्टिल होतात. रूम टेंपरेचरला वाफ नगण्य असते, तेवढं मान्य. पण हूड (वाफा ओढून घेणारं बंदिस्त कपाट) तुम्ही आयनिक लिक्विडच्या वाफेसाठी लावत नाही, त्यातून जे तयार होतं त्यासाठी आणि सोबतच्या इथरसाठी लावता. स्वतः बनवत असाल तर मिथाइलइमिडाझोल आणि ब्युटिल हॅलाइड या कच्च्या मालासाठी. तापवायचं असेल तर हूड, विषय संपला.

'नो डेटा अव्हेलेबल'चा अर्थ कुणी तपासलं नाही एवढाच. बीमिम क्लोराइडचं बघा, तपासलं गेलं, तर आज त्याच्या लेबलवर गिळल्यास विषारी असं लिहिलेलं असतं. इमिडाझोलियमवरची अल्किल साखळी जितकी लांब तितकं ते पेशींना आणि पाण्यातल्या जीवांना जास्त घातक, कारण साबणासारखं मेंब्रेनमध्ये घुसतं, ब्युटिलपेक्षा (चार कार्बन) ऑक्टिल (आठ कार्बन) वाईट. तुमच्या बाटलीवर आकडा नसला तरी अंदाज येतोच.

ग्लोव्ह्जबद्दल, पातळ नायट्राइल फक्त शिंतोड्यांपुरते समजा, दोन जोड्या घाला, वरची ओली झाली की लगेच काढा, आणि तापवलेलं पीएफ६ किंवा बीएफ४ (तसाच फ्लोरिनवाला दुसरा अॅनायन) हाताळताना वरून जाड निओप्रिनचे घाला. मुख्य म्हणजे हे उडून जात नाही. इथर सांडलं तर दोन मिनिटांत गायब, हे सांडलं तर पुढच्या आठवड्यातही तिथेच, बॅलन्सच्या बटणावर, दाराच्या हँडलवर, फोनवर, आणि वासही नाही. जेलची ट्यूब, २.५ टक्केवाली, काम सुरू करण्याआधी मागवा आणि तारीख बघा. लागलं असा नुसता संशय आला तरी आधी भरपूर पाणी, मग जेल, मग दवाखाना, दुखायची वाट बघू नका, सौम्य एचएफचं दुखणं कित्येक तासांनी सुरू होतं. दवाखान्यात 'आयनिक लिक्विड' म्हणू नका, 'एचएफ' म्हणा. जास्त प्रमाणात लागलं तर ते रक्तातलं कॅल्शियम ओढतं आणि हृदयावर येतं.

हे सगळ्या आयनिक लिक्विडना लागू नाही हेही सांगते. एनटीएफ२ (आणखी एक अॅनायन) वाली पाण्याला चांगली टिकतात, तुमच्या कामाला चालत असेल तर गाईडशी भांडून तेच घ्या. बीएफ४ चं मात्र पीएफ६ सारखंच समजा. क्लोरोअ‍ॅल्युमिनेट (अॅल्युमिनियम क्लोराइडवाला अॅनायन) असेल तर वरचं काहीच पुरेसं नाही, ते पाण्याशी जोरात रिअ‍ॅक्ट होऊन एचसीएल सोडतं, ग्लव्हबॉक्सशिवाय हात लावू नका. आणि कोरडं पीएफ६ रूम टेंपरेचरला हाताळताना मला कधीच त्रास झालेला नाही. सुकवायचं तर आधी धुतलेलं पाणी पीएच पेपरवर न्यूट्रल येईपर्यंत धुवा, मग ६० डिग्रीला, जास्त वेळ, चांगल्या व्हॅक्युमवर.

सिंकचं राहिलं. बीमिम पीएफ६ पाण्यापेक्षा जड आहे, घनता १.३७ च्या आसपास, त्यामुळे ते वाहून न जाता सिंकखालच्या वाकड्या पाइपात तळाशी बसून राहतं आणि पुढचा कुणीतरी त्याच सिंकमध्ये आम्ल ओततो. वेगळी प्लास्टिकची वेस्ट बाटली ठेवा, काचेची नको, आणि तिच्यावर अ‍ॅनायनचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.